तेरा उंबरे आणि एक पाकीट

१

सोमवारी सकाळी साडेदहाला रत्नमाला रामटेके यांनी प्रवेश कक्षातलं लोखंडी कपाट उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मधल्या खणात लाल फडक्यात बांधलेली चौदा पाकिटं असायला हवी होती. फडकं होतं, छान चौघडी घालून ठेवलेलं. पाकीट मात्र एकच होतं.

त्यांनी पुन्हा मोजलं. एक पाकीट दोनदा मोजण्यात काही शहाणपण नाही, पण माणूस गोंधळला की असंच करतो. वरचा खण पाहिला, खालचा पाहिला, कपाटाच्या मागे वाकून पाहिलं. मागे एक मेलेली पाल आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेलं पंचिंग मशीन सापडलं.

शहापूरच्या अलीकडे हमरस्त्याला लागून विद्यापीठाचं हे पदव्युत्तर केंद्र आहे. गोड्या पाण्यातल्या मत्स्यशास्त्राची एम.एस्सी. हा इथला एकुलता एक अभ्यासक्रम. तलावांच्या जिल्ह्यात याला विद्यार्थी मिळू नयेत हे ऐकायलाही विचित्र वाटतं, पण चार वर्षांपूर्वी अठरा असलेली मुलं गेल्या वर्षी सातावर आली होती. उन्हाळ्यात विद्यापीठाचं पत्र आलं. या वर्षी किमान बारा प्रवेश हवेत, तेही चांगल्या गुणांचे. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत समिती मूळ कागदपत्रं डोळ्यांनी पाहील. बारा भरले नाहीत तर अभ्यासक्रम बंद.

त्या बारासाठी केंद्राने उन्हाळाभर गावं पालथी घातली, एक्केचाळीस मुलांची परीक्षा घेतली, काही प्रतीक्षा यादीत ठेवली आणि चौदा निवडली. त्यांची गुणपत्रकं, दाखले, जातीची प्रमाणपत्रं, म्हणजे घरात एकदाच येणारे आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवले जाणारे कागद, या कपाटात होते. प्रत्येकाच्या पावतीवर अधीक्षक म्हणून सही होती रत्नमालाबाईंची.

सही तर होतीच, पण बाईंच्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या स्वतः बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाल्या होत्या. पुढचं शिक्षण नागपूरला, आणि नागपूरला पाठवायला घरचे तयार नव्हते. हे केंद्र निघालं तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं होतं, निदान आता कुणाची गाडी घराजवळच्या थांब्यावरून चुकायला नको. आता तो थांबाच उठायच्या बेतात होता.

कुलूप तोडलेलं नव्हतं. पाकिटातल्या कागदांच्या झेरॉक्स चोराने नेल्या नव्हत्या. त्या खणातच होत्या, पाच लहान लहान ढिगांत, नीट एकावर एक. चोरी करायला येणारा माणूस फडक्याची घडी घालतो? झेरॉक्स वेगळ्या काढून मांडून ठेवतो? आणि उरलेलं एकुलतं पाकीट होतं तुमसरच्या निकेशचं. राईस मिलमधल्या मुनीमाचा हा मुलगा यादीत पहिला आला होता. सगळ्यात चांगला विद्यार्थीच तेवढा सोडला होता.

मागे पावलं वाजली. विभागप्रमुख डॉ. मंगेश गद्रे दारात उभे होते. त्यांनी उघडं कपाट पाहिलं, एकटं पाकीट पाहिलं, आणि मग बाईंकडे पाहिलं.

"कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते ना, बाई?"

२

किल्ली बाईंकडेच असायची. पण शनिवारी त्या भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या आणि किल्ली लिपिक कैलाशच्या हवाली केली होती. कैलाशने ती खिळ्याला टांगली होती. त्या खिळ्याला केंद्रातला कुणीही हात लावू शकत होता.

गद्रे सर मूळचे पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण विद्यार्थ्यांना नावाने ओळखत नाही. "मेरिट तीन आली का? मेरिट अकराचा फोटो नाही," असं त्यांचं चालायचं. उन्हाळ्यात गावोगाव फिरायची कल्पना त्यांचीच. एक जीप घेतली, सोबत शिपाई सुखरामभाऊ, आणि दोघांनी मिळून तेरा मुलं आणली. निकेशचा फॉर्म तेवढा आपणहून आला होता. त्या दिवसांत बाई इथे बसून फॉर्म तपासत होत्या.

"बुधवार संध्याकाळपर्यंत पाहतो," सर म्हणाले. "नंतर पोलिसांत जावं लागेल. तुमची सही आहे, माझा आदेश आहे. दोघंही अडकू."

आदेशाची गोष्ट अशी होती. दरवर्षी मुलं इथे प्रवेश घ्यायची आणि सप्टेंबरात नागपूरला जागा मिळाली की कागद काढून निघून जायची. म्हणून यंदा सरांनी फर्मान काढलं की पहिलं सत्र संपेपर्यंत मूळ कागद कुणालाही परत मिळणार नाहीत. एकदा आलेलं पाखरू उडता कामा नये.

कैलाशने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, मी नाव नाही घेत कोनाचं. पन मागच्या बुधवारी ती एकोडीची पोरगी आली होती ना, रंजू? खिडकीपाशी किती रडली, आठवते?"

बाईंना न आठवायला काय झालं. रंजूला नागपूरच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीसकट जागा मिळाली होती. कागद सोमवारपर्यंत नेऊन दाखवायचे होते. खिडकीतून नाही म्हणणाऱ्या बाई स्वतःच होत्या. "ऑक्टोबरनंतर ये," असं त्या म्हणाल्या होत्या आणि खिडकी ओढून घेतली होती. रात्री जेवण गेलं नव्हतं.

"जाता जाता काय म्हने, मायीत आहे?" कैलाश म्हणाला. "म्हने, माझे कागद मी नेईनच. मी सोता आयकलं."

"तिचे कागद ती नेईल, कैलाश. बाकीच्या बारांचे कायले नेईल?"

कैलाश सगळं काही मेरिट नंबरने लावणारा माणूस. त्याच्या टेबलावरच्या टाचण्याही लहान-मोठ्या अशा रांगेत असतात. कपाटातले ते पाच ढीग मात्र नंबराने लावलेले नव्हते. एका ढिगात तीन, दहा आणि तेरा नंबर, दुसऱ्यात चार आणि बारा. त्यात काही संगती लागत नव्हती.

तेवढ्यात सुखरामभाऊ चहा घेऊन आले. साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस, आठ महिन्यांत निवृत्त होणारा. आज ते जरा लंगडत होते. बाईंची नजर त्यांच्या चपलेकडे गेली. अंगठा निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेला होता, नवाकोरा.

"काय झालं भाऊ पायाले?"

"काई नाई जी, बाई. चप्पल तुटली होती. घरीच शिवली." त्यांनी कप ठेवले आणि उघड्या कपाटाकडे न पाहताच निघून गेले.

सगळं केंद्र त्या कपाटापाशी मान वाकडी करून जात होतं. न पाहणारा हा एकटाच होता. पण बाईंचं डोकं तेव्हा इतकं गरगरत होतं की हे त्यांच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी.

३

मुन्नाचा धंदा सगळ्या जिल्ह्याला माहीत होता. हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून तो नागपूरच्या एका खाजगी कॉलेजसाठी विद्यार्थी गोळा करायचा. केंद्र बंद पडलं तर ही चौदाही मुलं आयतीच त्याच्या झोळीत पडणार होती. शिवाय शनिवारी दुपारी तो केंद्राच्या आवारात दिसला होता.

"आलो होतो ना, खोटं कायले बोलू," मुन्ना म्हणाला. त्याने बाईंसाठी बाक पुसला आणि तर्रीपोह्याची प्लेट पुढे केली. "गेटवर माझा पोस्टर लावाले आलो होतो. तुमच्या सुखरामभाऊनं फाडून टाकला, आनि वरतून मले पानी पाजलं."

"कागद तू नेले का, मुन्ना?"

"मॅडम, एक सांगा. उरलं कोनाचं पाकीट?"

"निकेशचं."

मुन्ना हसला. "मंग तुमीच विचार करा. मी चोर असतो तं सगळ्यात पयले कोनाचं नेलं असतं? टॉपर एक पकडला का त्याच्यामांगं धा येतात. मी तेरा सोडून तो एक नेला असता. तुमचा चोर उलटा हाय."

पोह्याचा घास बाईंच्या हातात तसाच राहिला. हे खरं होतं. चोराला चांगल्या विद्यार्थ्यांत रस नव्हता, वाईटातही नव्हता. त्याने मेरिट पाहिलंच नव्हतं. मग त्याने निकेशमध्ये असं काय पाहिलं, की त्याला तेवढं वगळावं?

"आनि फायदाच पाहाचा असन," मुन्ना चहा ओतता ओतता म्हणाला, "तं तुमच्या सायबाचा पाहा ना. तीन वर्षं झाले, पुन्याले बदली मांगून राह्यले. हे दुकान बंद झालं का त्यायले कोन अडवते?"

४

मंगळवारी सकाळी बाई गद्रे सरांकडे नव्या नजरेने पाहत होत्या. टेबलाच्या काचेखाली मुलीचा फोटो होता, पुण्याच्या शाळेच्या गणवेशातला. कोपऱ्यात बदलीच्या अर्जाची प्रत होती, झाकायचीही तसदी न घेतलेली.

"सर, केंद्र बंद झालं तर तुमची बदली होईल?"

सरांनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं, पण ते थकून हसले. "होईल. हा विचार मी केलेला नाही असं म्हणणार नाही. पण बाई, अख्खा उन्हाळा त्या जीपमध्ये शिजून मी ही मुलं मिळवलीत. मिळवलेलं कुणी स्वतःच्याच हातांनी फेकत नाही."

बाईंना ते पटलंही आणि नाहीही. त्या आपल्या टेबलाशी आल्या. निदान घरच्यांना तरी कळवायला हवं, असं म्हणून त्यांनी सुरुवात रंजूपासून केली. रंजूची आई सखाबाई फोनवर आली. बाईंनी घसा साफ केला, शब्द जुळवले, आणि एका दमात सांगून टाकलं की तुमच्या मुलीचे मूळ कागद कपाटातून नाहीसे झालेत, शोध चालू आहे, आम्हाला फार वाईट वाटतं.

पलीकडे कोंबडी ओरडली. मग सखाबाई म्हणाल्या, "बरं."

"सखाबाई, आयकलं ना तुमी? कागद हरवले."

"आयकलं ना, बाई. भेटतीन. तुमी जेवल्या का?"

बाईंनी दुसरा नंबर लावला, मग तिसरा. एक बाप म्हणाला, "होते असं कवा कवा." एका आजीने उलट बाईंनाच धीर दिला. चार घरं झाल्यावर त्यांनी तुमसरला निकेशच्या वडिलांना फोन लावला आणि मुद्दाम तेवढंच सांगितलं की कपाटातले कागद हरवलेत. पुढचं ऐकायच्या आत ते किंचाळलेच. पाच मिनिटं त्यांनी बाईंना झापलं, पोलिसांचं, वकिलाचं आणि मंत्र्याचं नाव घेतलं. तुमच्या मुलाचे आहेत हो, असं सांगितल्यावर कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी फोन ठेवला. कागद असलेला बाप आकांत करत होता आणि कागद गेलेली घरं त्यांच्या जेवणाची चौकशी करत होती. पोरीचे मूळ दाखले हरवले म्हटल्यावर जगातली कोणती आई 'बरं' म्हणते?

त्यांनी पर्स उचलली आणि साकोलीची बस पकडली.

५

एकोडीत उतरून बाईंनी रंजूचं घर विचारलं तर लोकांनी तलावाकडे हात केला. फॉर्मवर पत्ता होता 'मु. पो. एकोडी', पण घर होतं तलावाच्या पलीकडे, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत, टोलीत. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, अर्धा तास चालायचं. खालच्या अंगाला धानाच्या बांध्यांत रोवणं चालू होतं, बाया कमरेत वाकलेल्या होत्या. इकडच्या एकोडीपेक्षा पलीकडचं पुढचं गावच टोलीला जवळ होतं.

चालता चालता बाई थबकल्या. कपाटातले ढीग त्यांच्या डोळ्यांपुढे आले. एकोडीचा पत्ता असलेले फॉर्म तीन होते. त्यातले दोन एका ढिगात होते. तिसरा, रंजूचा, दुसऱ्या ढिगात होता, त्या पलीकडच्या गावच्या पोराच्या फॉर्मसोबत. ढीग मेरिटचे नव्हते. ढीग वाटेचे होते. कुणीतरी कागद असे लावले होते, की पायी निघालं तर एकामागून एक घर लागत जावं.

सखाबाई अंगणात जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. बाईंना पाहून त्या उठल्या, खाट टाकली, पाणी दिलं, पण चेहऱ्याचा उडालेला रंग काही लपला नाही.

"रंजू कुठे आहे?"

"नागपूरले गेली, बाई. कालच."

"कायले?"

"अॅडमि..." सखाबाई तिथेच थांबल्या आणि त्यांनी खाली पाहिलं.

मूळ कागदाशिवाय प्रवेश होत नाही. होत असता तर त्या दिवशी ती पोरगी खिडकीपाशी तशी रडली नसती. म्हणजे तिचे कागद तिच्याकडे होते. बाईंनी आवाज चढवला नाही. "सखाबाई, उन्हाळ्यात आमची जीप आली होती तुमच्याकडे. साहेबांनी काय सांगितलं होतं?"

"साहेब कुठी आले? ते तिकडंच गाडीत बसले होते, फोनवर. टोलीत गाडी येत नाई ना. सुखरामभाऊ आले पाळीवरून."

"मंग तुम्ही कागद दिले ते पावती पाहून?"

सखाबाईंना हा प्रश्नच समजला नाही. "पावती मले कुठं वाचता येते, बाई? सुखरामभाऊ हा इथं उंबऱ्यावर उभा राह्यला. म्हने, मागसान तवा परत. तलावाचा वाटा करनारा मानूस तो, वीस वर्षं केला. त्याच्या हातानं कोनाची मासोळी कमी नाई झाली."

बाईंना लहानपणी शहापूरच्या तलावावर पाहिलेलं आठवलं. मासळी निघाली की वाटा करणारा माणूस घराघराचे ढीग लावायचा. जो आला नसेल त्याचा ढीग तो स्वतः त्याच्या दारी पोचवायचा, त्याच दिवशी. दुसऱ्याचा वाटा त्याच्या घरी मुक्कामाला राहायचा नाही.

सखाबाई पुन्हा जाळ्याशी बसल्या. त्यांच्या बोटांत दोरा होता, निळ्या नायलॉनचा.

६

परतीच्या बसमध्ये बाईंनी सगळं पुन्हा एकदा जुळवून पाहिलं. जुळू नये असंही त्यांना वाटत होतं.

ढीग वाटेने लावलेले होते, आणि रंजूचं घर टोलीत आहे हे फॉर्म वाचून कळत नाही, उंबऱ्यावर गेलेल्यालाच कळतं. कैलाश कधी गेला नाही. मुन्नालाही हे माहीत असण्याचं कारण नाही. सर गेले, पण गाडीतच बसले. निकेशचं पाकीट उरलं कारण त्याच्या उंबऱ्यावर कुणी गेलंच नव्हतं, तिथे कुणी शब्द दिलाच नव्हता. आणि तेरा घरं शांत होती, कारण कागद त्या घरांतच होते.

बुधवारी सकाळी त्या केंद्राच्या मागच्या पडवीत गेल्या. सुखरामभाऊ कुंड्यांना पाणी घालत होते.

"सुखरामभाऊ, चप्पल एकोडीले शिवली."

भाऊंनी झारी खाली ठेवली. त्यांनी नाकारलं नाही, घाबरलेही नाहीत. डब्याच्या पिशवीत हात घातला आणि रबर लावलेला एक लहानसा गठ्ठा काढून बाईंच्या हातात दिला. त्या पावत्या होत्या. तेरा.

"कागद देल्ले तवा ह्या परत घेतल्या. तुमची सही होती, इकडंतिकडं पडू नये म्हनून. शनिवारी काढले, रविवारी अख्खा दिवस फिरलो. कधी बस, कधी कोनाच्या गाडीवर, बाकीचं पायी."

"काहून केलं भाऊ असं? मले सांगायचं तं होतं."

"तुमाले सांगतलं असतं तं तुमाले साहेबाले सांगा लागलं असतं. नाई तं खोटं बोला लागलं असतं." ते पायरीवर बसले. "बाई, ती पोरगी रडून राह्यली होती तवा मी मांगं चा घेऊन उभा होतो. तिनं माझ्याकडं पाह्यलं. काई बोलली नाई. मी तिच्या मायले शब्द देल्ला होता, मागसान तवा परत."

"मग तिचे एकटीचे द्यायचे."

"शब्द तेरा उंबऱ्यायवर देल्ला होता. एकाचा वाटा पोचवून बाकीचे आपल्या घरी ठेवाचे, असं नाई होत जी."

बाईंना राग आला, खरा राग. "आनि शुक्रवारी बाराचे कागद नाही दिसले तं हे केंद्र बंद होईल, हे नाही आलं मनात? या पोरी जातीन कुठी?"

"आलं ना. म्हनूनच सगळ्यायले सांगून आलो, शुक्रवारी आना. पन आपल्या हातानं आना, आनि तवापर्यंत कोनाले सांगू नका." भाऊंनी झारी जवळ ओढली. "येतीन, बाई. आनि नाईच आले, तं मंग आपन त्यायले कपाटात कोंडून ठेवलं होतं, शिकवत नोहतो."

बाईंना लाज वाटली. त्या दिवशी खिडकी ओढणारा हात त्यांचाच होता. पडवीच्या दाराशी सर हाक मारत होते, की संध्याकाळची वाट कशाला पाहायची, पोलिसांना आत्ताच बोलावू.

७

"पोलिसांची गरज नाही, सर," बाई म्हणाल्या आणि तेरा पावत्या टेबलावर ठेवल्या. "चोरी झालेलीच नाही. मागे छापलंय ते वाचा."

सरांनी एक पावती उलटी केली. 'ही पावती परत केल्यास मूळ कागदपत्रे विद्यार्थ्यास तत्काळ देण्यात येतील.' पावतीपुस्तक केंद्रानेच छापलेलं होतं. नवा आदेश काढताना हा मजकूर बदलायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"पावत्या परत आल्या, कागद मालकांकडे गेले," बाई म्हणाल्या. "आपल्याच नियमाने."

"पण दिले कुणी?"

"केंद्राने."

"केंद्राने म्हणजे कुणी, रत्नमालाबाई?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. पडवीत झारीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. आठ महिने उरले होते त्या माणसाचे. त्यांनी पेन काढलं आणि तेराही पावत्यांच्या मागे 'कागद परत केले' असं लिहून खाली एकेक सही केली.

"पावतीवर सही माझी आहे, सर. देणारी मीच."

गद्रे सरांनी त्या सह्या एकेक करून पाहिल्या. हुशार माणूस होता, सगळं समजून चुकला असावा. "शुक्रवारी बारा नाही झाले," ते शेवटी म्हणाले, "तर मला तुमच्यावर अहवाल पाठवावा लागेल."

"पाठवा. पण तो आदेश आजच मागे घ्या."

सरांनी आदेशाचा कागद खणातून काढला, दोनदा वाचला आणि फाडला. पटून फाडला की नाइलाज म्हणून, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी अकराला समितीचे तिघं येऊन बसले. निकेशचं पाकीट त्यांच्यापुढे गेलं. एक झालं. मग तासभर कुणी फिरकलं नाही. बारा वाजता शहापूरची तिन्ही मुलं एकाच मोटरसायकलवरून आली. दोन वाजेपर्यंत सात झाली. तीनच्या बसने चार उतरली, पायांना अजून बांध्यांचा चिखल. अकरा. त्यानंतर फाटक शांत झालं. एकाला पोलीस भरतीची तयारी करायची होती, एकाच्या घरी जमलं नव्हतं, आणि रंजू तर नागपूरला होती. त्या तिघांना दोष देता येत नव्हता. ती त्यांची मर्जी होती, आणि मर्जी परत दिली होती ती केंद्रानेच.

साडेचार झाले. समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. कैलाश टाचण्या लावत होता, पण रांग जमत नव्हती. सुखरामभाऊ फाटकापाशी उभे होते, हात मागे बांधून. अकरा म्हणजे बंद. एका मुलासाठी सगळं संपणार होतं आणि ती एक मुलगी बाईंनी मागच्याच्या मागच्या बुधवारी खिडकीतून हाकलली होती. त्या खुर्चीत बसून राहिल्या. रडू येत होतं, पण समितीसमोर रडायचं नव्हतं.

पावणेपाचला फाटकातून एक मुलगी जवळजवळ पळतच आत आली, छातीशी प्लास्टिकची पिशवी धरून. बाईंनी तिला ओळखलं नाही. कैलाशने ओळखलं.

"मॅडम, डिंपल. प्रतीक्षा यादीत पयली."

प्रतीक्षा यादी बाई पार विसरूनच गेल्या होत्या. डिंपलला कळवलं होतं, पण ती नाही म्हणाली होती. कागद अडकवून ठेवतात असं तिने ऐकलं होतं.

"मंग आज कशी आलीस?" बाईंनी विचारलं.

"रंजू माझी मैत्रीण. तिनं फोन केला नागपूरवरून," डिंपल धापा टाकत म्हणाली. "म्हने, तिथं जा. मागतले तं ते कागद घरी आनून देतेत. म्हने, मले हे भेटलं नसतं तं मीच गेली असती तिथं."

बाईंच्या डोळ्यांत जे इतका वेळ अडवून धरलं होतं ते आलंच. एक जाऊ दिली तर तिने एक पाठवली. उन्हाळाभर जीपचं डिझेल जाळून केंद्राला हे जमलं नव्हतं.

डिंपलने पिशवी पुढे केली, पण सोडली नाही. दोन्ही हातांनी धरूनच विचारलं, "मागसान तवा परत देसान ना, मॅडम?"

बाईंनी सवयीने दाराकडे पाहिलं. सुखरामभाऊ तिथे येऊन उभे होते.

"भाऊ, सांगा हिले."

भाऊंनी मान हलवली. "मी आठ महिन्यानं घरी जाईन जी. तुमी सांगा."

रत्नमालाबाई खुर्चीतून उठल्या आणि टेबलाला वळसा घालून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, डिंपलसमोर, येऊन उभ्या राहिल्या.

"मागशील त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मी सोता आनून देईन."

डिंपलने पिशवी सोडली. पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि समितीच्या अध्यक्षांनी बारावा आकडा लिहायला पेनाचं टोपण काढलं.